कापसाच्या खोलीत ट्यूब माईक



घरच्या घरी गाणं कसं रेकॉर्ड करायचं, हा विषय या सदरात निघाल्यापासून तरुण वाचक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. फोनवर करून पाहिलं, साधा यूएसबी माईकही झाला, आता पुढे काय? ट्यूब माईक घ्यावा का? इंटरनेटवर बघावं तर जो तो त्याच्या ‘उबदार’ आवाजाचं कौतुक करतो. किंमत मात्र पाच आकडी. एवढे पैसे घालून नेमकं काय हाती लागतं, ते कुणी धड सांगत नाही.

माझ्या भाच्यानं पुण्यात असा एक नवा माईक घेतला. डिसेंबरच्या सुट्टीत तो घेऊन आम्ही तिगावला गेलो आणि चार दिवस वापरून पाहिला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आपल्या अंकाची जाहिरात व्हायला नको, आणि मी जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक माईकना लागू आहे.

तिगाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं. नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी पांढुर्णा सोडते, त्यानंतर येतं ते तिगाव. पुढे सातपुड्याचा चढ लागतो आणि गाडी मुलताईकडे वर जाते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसरचा हा मराठी पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. शाळा-कचेरीत हिंदी, घरात आणि शेतात मराठी, आणि शेतात संत्रा नि कापूस.

माईक तिथेच का नेला, याचं कारण माझी मोठी आई. वय एकोणऐंशी. तिच्याजवळ जात्यावरच्या ओव्या आहेत, हळदीची गाणी आहेत आणि भुलाबाईची तर किती आहेत ते तिलाही ठाऊक नाही. गावात पिठाची चक्की आली तसं जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या तिच्या तोंडी राहिल्या. तिच्या जोडीनं म्हणणारी शेजारची काकू गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून तीन-चार गाणी अर्धवट झाली आहेत, कारण त्यांची पुढची कडवी त्या काकूला येत होती. आता ती कुणालाच येत नाहीत. म्हणून यंदा नीट रेकॉर्डिंग करायचंच, असं आम्ही ठरवलं होतं.

ट्यूब म्हणजे नेमकं काय?

तुमच्या आजोबांना विचारा, ते ‘व्हॉल्व्ह’ म्हणतील. पूर्वीचा मोठा रेडिओ चालू केला की लगेच बोलायचा नाही. आतल्या काचेच्या नळ्या तांबूस व्हायच्या, मग हळूहळू आकाशवाणी नागपूरचा आवाज वर यायचा. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या वीसेक वर्षांत या नळ्या रेडिओतून हद्दपार झाल्या. त्यांच्यापैकीच एक छोटी नळी ट्यूब माईकच्या पोटात असते.

ती तिथे का लागते? कंडेन्सर माईकमध्ये सोन्याचा अगदी पातळ थर दिलेला प्लास्टिकचा पडदा असतो. त्याची जाडी काही मायक्रॉनच. मागे धातूची चकती. आवाजानं पडदा हलतो, दोघांतलं अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा सूक्ष्म संकेत तयार होतो. ही कल्पना ई. सी. वेंट या अभियंत्यानं १९१६ साली प्रत्यक्षात आणली. पण हा संकेत इतका नाजूक असतो की लांब वायरीतून पाठवला तर वाटेतच विरून जातो. तो तिथल्या तिथे पेलून धरणारं काहीतरी माईकच्या आतच हवं. त्या काळी हे काम फक्त व्हॉल्व्ह करू शकत होता.

बर्लिनच्या नॉयमान कंपनीनं १९४९ साली ‘यू ४७’ हा माईक काढला आणि पुढे तो जगभरच्या स्टुडिओंत गेला. फ्रँक सिनात्रानं त्यावर गायलं, बीटल्सनी गायलं. त्यात टेलिफुंकनची व्हीएफ १४ नावाची नळी असे. ती नळी बनणं बंद झालं, तसा त्या माईकचा जमानाही सरला. १९६७ मध्ये त्याच कंपनीनं ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘यू ८७’ आणला. ट्रान्झिस्टरवाल्या माईकला वेगळा डबा लागत नाही. त्याला लागणारे ४८ व्होल्ट त्याच वायरीतून जातात.

हे ४८ व्होल्टच का, याची गंमत ऐका. १९६६ च्या सुमारास नॉर्वेच्या रेडिओला असे माईक हवे होते. तिथे हिवाळ्यात फार काळोख असतो, म्हणून त्यांच्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच केलेली होती. नॉयमाननं माईक त्याच विजेवर चालेल असा बनवला, आणि पुढे जगानं तेच प्रमाण मानलं. तुमच्या इंटरफेसवर ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण असतं, ते तिथून आलं.

ट्यूबला एवढ्यानं भागत नाही. तिला शंभर-दीडशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात, शिवाय आतली तार तापवायला वेगळी वीज. म्हणून ट्यूब माईकबरोबर पॉवर सप्लायचा एक जड डबा येतो आणि डब्यापासून माईकपर्यंत जाणारी जाड, बहुधा सात पिनांची खास वायर येते. ती वायर हरवली तर बाजारात सहज मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या.

आणि ती ‘ऊब’? नळी मूळ सुरात थोडे वरचे सूर मिसळते. त्यातला पहिला म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, आपल्या भाषेत सा चा वरचा सा. त्यानंतरचा तिप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. तानपुरा लावणाऱ्यांना हे नातं समजावून सांगावं लागत नाही. हे सूर मुळातच जुळणारे, त्यामुळे कानाला आवाज भरल्यासारखा वाटतो. पण नेहमीच्या आवाजात गायलं तर ही भर फार थोडी असते. माईकचा स्वभाव जास्त ठरतो तो पडद्यामुळे आणि आतल्या बाकीच्या मांडणीमुळे. तेव्हा नुसतं ‘ट्यूब’ हे नाव बघून ऊब विकत घेऊ नका.

आधी वीज, मग गाणं

शहरात ज्याचा विचारही मनात येत नाही, ते गावात पहिल्यांदा बघावं लागतं. डिसेंबरात रब्बीचे मोटारपंप चालू असतात. पंप सुरू झाले की दिव्याचा उजेड उतरतो. ट्यूबला तापायला आणि स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात. मध्येच वीज गेली तर पुन्हा तेवढाच वेळ थांबा. भाच्यानं म्हणून इन्व्हर्टर वापरला, तोही शुद्ध साईन वेव्हचा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते आणि तिची घरघर थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जुन्या घरात तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायर जोडलेली असेलच असं नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक गुणगुण ऐकू येत होती. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि ती गेली. हा उपाय फुकटचा आहे, लक्षात ठेवा. मात्र पॉवर सप्लायच्या डब्याला अर्थिंगचा सॉकेटच हवा. आत शंभरावर व्होल्ट खेळत असतात, तिथे जुगाड नको. मागच्या पडवीत नीट अर्थिंग असलेला सॉकेट आहे, इन्व्हर्टर तिथेच जोडलेला होता.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी वेगळी सूचना. अमेरिकेत घेतलेला ट्यूब माईक भारतात आणाल, तर डब्यामागचा व्होल्टेजचा खटका आधी बघा. तो ११५ वर असताना आपल्या २३० व्होल्टमध्ये लावला तर डबा जळू शकतो. काही डब्यांना असा खटकाच नसतो, मग ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय थंडीच्या प्रवासातून आल्यावर पेटी लगेच उघडू नका. पडद्यावर दव धरतं. तासभर पेटी बंदच राहू द्या, खोलीच्या हवेला सरावू द्या.

खोली कोणती?

घराची बैठक ऐसपैस आहे, पण भिंती गुळगुळीत आणि खाली फरशी. टाळी वाजवली की आवाज भिंतीभिंतीवरून परत येतो. चांगला माईक अशा खोलीत उलट जास्त त्रास देतो, कारण तो गाण्याबरोबर खोलीही तितक्याच इमानानं ऐकतो. स्वयंपाकघरात फ्रिज. माडीवर कवेलूचं छत, त्यावर माकडं.

राहिली मागची कापसाची खोली. आमच्याकडे वेचणीचा कापूस लगेच विकत नाहीत. भाव थोडा चढेल या आशेनं महिना-दोन महिने घरात भरून ठेवतात. त्या खोलीत तीन बाजूंनी छातीइतका कापूस रचला होता, मधे बसण्यापुरती जागा. भाचा आत गेला, टाळी वाजवली आणि हसायलाच लागला. टाळी वाजली आणि तिथल्या तिथे विझली. मोठमोठे स्टुडिओ भिंतींना जी तंतुमय पॅनेल लावतात, त्यांचं काम हेच. तंतूंच्या पोकळ्यांत हवा अडखळते आणि आवाजाची शक्ती तिथेच जिरते. थर जितका जाड, तितका खालचा, घुमारदार आवाजही जिरतो. पॅनेल चार बोटं जाडीची असतात, इथे पुरुषभर जाडीचा कापूस होता.

पण मऊ वस्तूंनी खोलीतलं घुमणं थांबतं, बाहेरचा आवाज थांबत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात. घाटाकडे निघालेली मालगाडी कापसातूनही ऐकू येत होती. माईकवर खालचे सूर छाटणारा एक खटका होता, त्यानं तिची धडधड थोडी कमी झाली, गेली मात्र नाही. शेवटी उपाय एकच, गाडी जाऊ द्यायची. मोठ्या आईला आयुष्यभराची सवय. गाडीचा आवाज कानावर आला की ती आपोआप थांबायची, गेली की त्याच शब्दापासून पुढे म्हणायची.

कापसाबरोबर काळजीही आलीच. त्यानं अंगाला खाज सुटते, म्हणून ढिगावर जुन्या चादरी अंथरल्या. आगीची भीती तर असतेच. ट्यूब माईक वापरताना गरम होतो, म्हणून तो स्टँडवर मोकळ्या जागेत, ढिगापासून चांगला दूर ठेवला. पॉवर सप्लाय आणि लॅपटॉप उंबऱ्याबाहेर पडवीत. आत ना उदबत्ती, ना दिवा. तुमच्याकडे कापूस नसेल तर गोधड्या, गाद्या, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट, यांनीही बरंच काम होतं.

तीन माईक, एक गाणं

पहिल्या दिवशी आम्ही साधी परीक्षा घेतली. फोन, भाच्याचा जुना ट्रान्झिस्टरवाला कंडेन्सर माईक आणि नवा ट्यूब माईक, तिन्ही शेजारी शेजारी लावले. मोठ्या आईच्या तोंडापासून साधारण सव्वा वीत अंतर, समोर पॉप फिल्टर. एकच ओवी, एकाच वेळी तिन्हींवर रेकॉर्ड केली. नंतर तिन्हींचा आवाज मोजून सारखा केला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि दुकानातल्या तुलनेत पुष्कळदा तेवढंच घडतं. मग फाईलींना अ, ब, क अशी नावं देऊन घरातल्या पाच जणांना हेडफोनवर ऐकवल्या. कोणती कशाची, ते भाच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

फोन सगळ्यांनी ओळखला. त्यात आवाज स्वच्छ होता पण चपटा. फोन आपल्या मनानं आवाज कमी-जास्त करत होता, त्यामुळे ओवीच्या शेवटी मोठी आई श्वास घेते तो श्वास शब्दाइतकाच मोठा झाला होता. उरलेल्या दोन माईकमध्ये मात्र दोघांनी ट्यूब बरोबर ओळखला, दोघांनी उलट सांगितलं आणि एकानं सरळ सांगितलं की मला फरक कळत नाही. मला स्वतःला ट्यूबमध्ये खालचा आवाज जरा गोल वाटला. तिच्या आवाजाला वयानं आलेली किनार आहे, ती कमी बोचली. पण हा फरक लोणच्यातल्या मोहरीएवढा. दुसरीकडे, गाणं थांबलं की ट्यूबमध्ये सूक्ष्म सळसळ जास्त ऐकू येत होती. आजच्या चांगल्या ट्रान्झिस्टर माईकची स्वतःची सळसळ चार-पाच डेसिबलपर्यंत खाली आली आहे. ट्यूब माईकची सहसा दहाच्या वर असते.

याच्या कितीतरी पट मोठा फरक पडला तो दोन फुकटच्या गोष्टींनी. एक, माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला वळवला. समोरचे दोन दात गेल्यामुळे तिचा ‘स’ शिटीसारखा वाजत होता, तो लगेच निवळला. दोन, तिला खुर्चीवरून उठवून खाली मांडी घालून बसवलं. ओव्या ती जन्मभर जमिनीवर बसून म्हणत आली. खाली बसताच श्वास लांबला, आवाज खाली उतरला आणि मोकळा झाला.

तिनं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हेडफोन काढून म्हणाली, “हा तं माह्या मायचा आवाज हाय.”

“एकटी काय म्हनू?”

तिसऱ्या दिवशी भुलाबाईची गाणी घ्यायची ठरली. तिनं आधीच हरकत घेतली. “भुलाबाई तं कोजागिरीले गेली. आता तिचं गाणं कायले?” बरोबरच होतं. विदर्भात आणि खानदेशात भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला तिची पाठवणी होते. महिनाभर संध्याकाळी मुली गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात, डब्यातला खाऊ ओळखतात. अवेळी म्हणायचं म्हणजे तिच्या मनाला पटेना. शेजारच्या मावशीनं समजूत घातली, “नातवाईसाठी म्हनाचं हाय, भुलाबाई रागावत नाही.” तेव्हा ती तयार झाली.

तयार झाली, पण गाणं जमेना. माईक तोच, खोली तीच, अंतर तेच. शब्द बरोबर, सूरही ठीक. पण ती शाळेत कविता म्हणून दाखवावी तशी म्हणत होती. दुसऱ्या गाण्यालाच थांबली आणि म्हणाली, “या डबड्यापुढं मी एकटी काय म्हनू? वरून उचलाले कोनी पाहिजे नं!”

तिनं एका वाक्यात सांगितलं ते कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. घरगुती स्टुडिओच्या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की गायक एकटा आहे, तो माईकच्या जवळ येऊन गातो आणि बाकी जग शांत आहे. सिनेमाच्या गाण्याला ते ठीक. भुलाबाईचं गाणं सवाल-जवाबाचं. एकीनं सोडायचं, बाकीच्यांनी उचलायचं. उचलणारं कुणी नसेल तर सोडणारीचाही आवाज पडतो.

इथे नव्या माईकचा खरा उपयोग झाला, आणि तो ट्यूबमुळे नव्हे. त्याच्या पॉवर सप्लायच्या डब्यावर एक बटण आहे. ते फिरवलं की माईक कोणत्या दिशेनं ऐकणार ते बदलतं. एका टोकाला तो चारही बाजूंचं ऐकतो, मधे फक्त समोरचं, दुसऱ्या टोकाला समोरचं आणि पाठीमागचं. भाच्यानं उंबऱ्यापलीकडे बसून बटण चारही बाजूंवर आणलं. माईक जागेच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर घेतला. मोठी आई हातभर अंतरावर, शेजारच्या दोन मावश्या आणि आमची वहिनी दोन हातांवर, गोल करून. कुणाचा आवाज जास्त झाला तर बटणं फिरवायची नाहीत, त्या बाईनं वीतभर मागे सरकायचं. एकाच माईकभोवती माणसं पुढे-मागे उभी करून आवाजाचा तोल साधायचा, ही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीच्या काळातली रीत. अजूनही तितकीच चालते.

तोट्याची बाजूही सांगतो. अशा मांडणीत जवळून गायल्यावर मिळणारा आवाजाचा भरदारपणा जातो. माईक चहूकडून खोली ऐकतो, त्यामुळे घुमणाऱ्या बैठकीत हा प्रयोग फसला असता. कापसाच्या खोलीनं तो तारला. मधेच बांगड्या वाजतात, कुणी खोकतं, एकदा वहिनीचा मोबाईल वाजला. स्टुडिओच्या मापानं हे रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा कमी प्रतीचं.

पण ऐकायला बसलं की दोघांची तुलनाच होत नाही. चौघींनी मिळून म्हणताना मोठ्या आईचा आवाज दहा वर्षांनी लहान झाला. एका गाण्यात सासरच्या माणसांचा क्रम काय, यावरून तिचा आणि मावशीचा वाद झाला. दोघींची माहेरं वेगवेगळ्या गावची, दोघींचा पाठ वेगळा. तो वादही आम्ही तसाच ठेवला आहे. आणि अर्धवट राहिलेल्या गाण्यांपैकी एकाची दोन कडवी मावशीला म्हणता म्हणता आठवली. आदल्या दिवशी तिला विचारलं तेव्हा “मले नाही येत” म्हणाली होती. शब्द तिच्या डोक्यात नव्हते, त्या चालीत आणि त्या घोळक्यात होते.

चार दिवसांत तेवीस गाणी झाली. त्यांतली नऊ मोठ्या आईनं एकटीनं म्हटलेली, बहुतेक ओव्या. चौदा घोळक्याची. दोन गाणी अजून अर्धवटच आहेत आणि आता ती तशीच राहतील असं वाटतं.

मग घ्यावा का?

तुम्ही एकटे गाणारे असाल, भावगीत, गझल किंवा शास्त्रीय संगीत करत असाल, घरात एक खोली गोधड्या-गाद्यांनी नीट शांत केली असेल, चांगला इंटरफेस आणि हेडफोन आधीच असतील, तर ट्यूब माईकचा विचार करायला हरकत नाही. आवाज जरा टोकदार असणाऱ्यांना त्याचा फायदा जास्त. घेण्याआधी दुकानात किंवा मित्राकडे स्वतःच्या आवाजात, आवाजाची पातळी सारखी करून, नाव झाकून ऐका. फरक कळला नाही तर पैसे वाचले.

घरातल्या मोठ्यांची गाणी जपायची असतील, तर ट्यूबच्या मागे लागू नका. त्याऐवजी दिशा बदलता येणारा साधा कंडेन्सर माईक बघा, तो ट्यूबपेक्षा बराच कमी पैशांत मिळतो. तेही सध्या जमत नसेल तर फोन आहेच. फोन विमानात मोडवर टाका, तांदळाच्या डब्यावर घडी केलेला टॉवेल ठेवून त्यावर ठेवा, पंखा बंद करा आणि उचलणारी दोन माणसं आजीशेजारी बसवा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही ही फाईल निवडता येत असेल तर ती निवडा. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका माईकचं तासभराचं रेकॉर्डिंग साधारण अर्धा जीबी होतं. आजच्या फोनला ते काहीच नाही. आवाजाचा काटा वरच्या टोकाला टेकू देऊ नका, बरीच जागा मोकळी सोडा. हळू झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. दर वीस मिनिटांनी कोमट पाणी आणि विश्रांती, वयस्कर गळ्याला याहून जास्त ताण नको.

हे काम कुठवर जाऊ शकतं याचा अंदाज हवा असेल, तर जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडे बघा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळशा ध्वनिमुद्रित केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर आज त्या गाणारीच्या आणि गावाच्या नावासह ऐकता येतात. पण तो संग्रह मुख्यतः महाराष्ट्रातला. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडच्या, बैतूल-बालाघाटकडच्या, इंदूर, बडोदा नि बेळगावकडच्या आपल्या घरांतली गाणी गोळा करायला बाहेरून कुणी येईलच असं नाही. ती घरच्यांनीच करायची आहेत. आणि ती आपल्या बोलीत आहेत तशीच ठेवायची. ‘मले’चं ‘मला’ करायचं नाही.

माईक पुढच्या वर्षी स्वस्त होईल, त्याहून चांगलाही निघेल. आमच्या शेजारच्या काकूंची कडवी मात्र आता कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत. तेव्हा येत्या संक्रांतीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा, जे हाताशी असेल त्यावर सुरुवात करा. पहिल्या दिवशी फक्त एक गाणं घ्या. रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि हे गाणं कुणाकडून शिकलं, एवढं त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या. तिगावच्या प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला मोठ्या आईनं आपल्या आईचं आणि माहेरच्या गावाचं नाव सांगितलं आहे.

पुढच्या महिन्यात बघू, अशा फाईलींची नावं कशी ठेवायची, त्यांच्या प्रती कुठे आणि किती ठेवायच्या आणि बोलीतले शब्द लिहून काढताना काय सांभाळायचं. तोवर तुमच्या घरातलं एखादं गाणं मिळालं, तर ते कुणाचं, कुठल्या गावचं, एवढं लिहून आम्हाला जरूर कळवा.